सॉफ्ट लेन्स आणि तीन मेहुणे

५ मार्च, दुपार
लेन्स सॉफ्ट आहे. विकणारा तसं म्हणालाच होता, आज कॅमेरा दुरुस्तीवाल्यानेही कन्फर्म केलं. "फारच सॉफ्ट, सगळं धूसर येणार," म्हणाला. जुन्या कॅमेऱ्यासोबत मिळायची ती साधी झूम, तीही वापरलेली, आणि स्वभाव इतका मऊ! नशीब लागतं.
रविवारी सासूबाईंचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. घराच्या वाटणीवरून अबोला धरलेले तिन्ही मेहुणे येणार. ते एका फोटोत हवेत, एवढीच सासूबाईंची इच्छा. बायकोने ठरवलेल्या स्टुडिओवाल्याला मी परस्पर नको म्हणून कळवलं.

६ मार्च
शास्त्रशुद्ध चाचणी. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून फोटो काढले. मथळे वाचता येतात, बातम्या नाहीत. हल्ली छपाईच वाईट. कडा जास्त पुसट. ठरलं: कडेला कुणी उभं राहायचं नाही.
कॅमेरा खाली वाकवला की लेन्सची नळी आपोआप बाहेर सरकते. ऑटोमॅटिक झूम! विकणारा हे बोललाच नाही. भोळा माणूस.

७ मार्च
बायकोचा फोटो काढला. ही कोण, म्हणाली. तूच, म्हटलं. "अहो, मग माझं नाक कुठे गेलं?" कौतुक करायची तिची ही पद्धतच आहे.
घरच्यांवर चाचणी बंद.

८ मार्च
नेटवर वाचलं, लेन्सचं छिद्र लहान केलं की फोटो सुधारतो. केलं. अंधार झाला. मग शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. म्हणजे तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. लेन्सने तिचं काम केलं, आता माणसांनी करावं.

९ मार्च, रविवार
सासूबाई खुर्चीत. कडा टाळायच्या म्हणून तिन्ही मेहुण्यांना मागे एकमेकांना चिकटवून उभं केलं. श्वास रोखायला लावला. मधले म्हणाले, "भावोजी, फोटो काढताय की एक्स-रे?" थोरले चक्क हसले. मधल्यांच्या विनोदाला! धाकट्याने मधल्यांच्या पाठीवर थाप मारली. मी तिघांना दटावलं, हलू नका. पुन्हा अबोला. उत्तम. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मी आहे तोवर उरका."

१० मार्च
मोठी प्रिंट आली. सासूबाईंच्या मागे एकच रुंद माणूस उभा आहे. धाकट्याचं म्हणणं, "तो मी." थोरल्यांचंही तेच. सासूबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग प्रिंट पालथी घातली.
यालाच एकोपा म्हणतात, असं मी समजावलं.

११ मार्च
बायकोने स्टुडिओवाल्याला बोलावलं. मेहुण्यांनी आपसात फोन केले म्हणे. वाटणीनंतर तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: फोटो होईपर्यंत भावोजी घरात नकोत.
येत्या रविवारी सकाळी तो आला की मला भाजी आणायला धाडणार आहेत. सासूबाईंनी पिशवी आजच काढून ठेवलीय.