जर्मनच्या होडीबाबत माझी अखेरची व्यवस्था

मी अहिल्या, कै. एकनाथ गोविंद सावे यांची पत्नी, निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठावन्न, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे, आज शांत चित्ताने आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवते. डोळ्यांना चष्मा आहे, पण डोके जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट हे लिहू नये म्हणून माझ्या पुतण्याने बरेच सांगून पाहिले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला मूलबाळ नाही. माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची वाटणी पुढे लिहिल्याप्रमाणे व्हावी.

कलम पहिले. सरावलीचे राहते घर, मागील परसू व विहिरीसह, पुतण्या सूर्यकांत याला द्यावे. विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्यांना त्याने अडवू नये.

कलम दुसरे. माझ्या पाटल्या व पोस्टातील शिल्लक भाची सुधा हिला. ती मला पत्र लिहिते. बाकी कोणी लिहीत नाही.

कलम तिसरे. थोरल्या जाऊबाई यमुना, म्हणजे सूर्यकांतची आई, यांना माझी पितळी पातेली द्यावीत. कल्हई त्यांनी आपली आपण करून घ्यावी. माझ्याच घरच्या हळदीकुंकवाला, भर बायकांत, "आमच्या अहिल्येला जर्मनची सवत आली हो," असे त्या म्हणाल्या होत्या. सगळ्या हसल्या. मीही हसले. सवत होडी नव्हती, हे त्यांना तेव्हाही कळले नाही आणि आजही कळत नाही.

कलम चौथे. आता होडी.

ही होडी ॲल्युमिनियमची आहे, म्हणून गावात तिला जर्मनची होडी म्हणतात. महायुद्धात लष्कराने आणलेली, नंतर लिलावात झरीच्या एका वाडीवाल्याने आपल्या तळ्यासाठी घेतलेली, आणि त्याची हौस फिटल्यावर म्हशींना पाणी पाजायला ठेवलेली. १९५३ साली आम्ही तिकडे एका लग्नाला गेलो होतो. माझे यजमान वरातीतून नाहीसे झाले ते म्हशींमध्ये सापडले. होडीच्या काठावरून हात फिरवत उभे होते. "अहिल्या, बुडाला भोकं आहेत, पण कणा सरळ आहे हिचा," असे मला म्हणाले. मी त्या दिवशी नवे लुगडे नेसले होते. त्याबद्दल ते काही म्हणाले नव्हते.

ते डहाणू रोडला रेल्वेत फिटर होते. बैलगाडीतून होडी आणली, पण रेल्वेच्या चाळीत ती ठेवायला मी नकार दिला. तिला शेणाचा वास येत होता. आज विचारले तरी मी नकारच देईन. मग ती त्यांचे मित्र चिमण तामोरे यांच्या खाडीकाठच्या अंगणात गेली. चिमण मासेमारीला गेलेला असे, म्हणून कामाला हात लावायला त्याची बायको जमना असे. पुढे एका वादळात चिमण समुद्रावरून परत आला नाही. तेव्हा यजमानांनी ठरवले की होडी दुरुस्त झाली की जमनाने ती खाडीत चालवावी आणि जाळी टाकावी. लाकडी होडी ओढायला गडीमाणसे लागतात. ही दोन बायका ओढू शकतात, इतकी हलकी आहे.

रविवार आला की ते खाडीवर जात. एकदा मी डबा घेऊन गेले. होडी लाकडी ओंडक्यांवर पालथी घातली होती. जमना खाली, होडीच्या पोटात बसून, ठिगळ पत्र्याला जोडायच्या रिबिटाला खालून लोखंडी ठोकळा लावून धरत होती आणि हे वरून हातोडी मारत होते. एक रिबीट बसले की हातोडीने पत्र्यावर हलकेच टकटक करत. तेवढ्यावरून ती ठोकळा पुढच्या रिबिटावर नेई. शब्द नाही. माझे यजमान बोलके होते. जेवताना बोलत, दाढी करताना बोलत, झोपेतही बोलत. त्या अंगणात मी डबा धरून कितीतरी वेळ उभी राहिले, पण ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि त्यांचा चेहरा असा निवांत मी घरी कधी पाहिला नव्हता.

यातून कोणी गैर अर्थ काढू नये. माझे यजमान सरळ होते. जमनाही सरळ आहे. गैर काही असते तर मला भांडता तरी आले असते.

होडी खाडीत चालू लागली, तरी पावसाळा सरला की पुन्हा पालथी, पुन्हा नवे ठिगळ, पुन्हा रविवार. अशी वर्षे गेली. १९६० साली फलाटावरच छातीत कळ येऊन ते गेले. दिवसकार्य झाल्यावर मी गावातल्या तुक्या गाडीवानाची बैलगाडी घेऊन खाडीवर गेले. जमना जाळे विणत बसली होती.

"होडी न्यायला आले," मी म्हटले.

"न्या ना बाई. तुमचीच हाय," ती उठून म्हणाली. "फक्त गोड्या पाण्यानं धुवत जा. नायतर खारं पत्र्याला चरत जातं."

तिने रडावे, अडवावे, असे मला वाटत होते. तिने तुक्याला होडी चढवायला हात दिला. शेवटी मीच विचारले, "हे तुझ्याशी काय बोलत गं?"

"फिटरदादा? काय नाय."

"इतकी वर्षं? काहीच नाही?"

"ठोकताना बोलायचं कसं, बाई? ऐकू कुठं येतंय!"

"आणि काम झाल्यावर?"

"झाल्यावर च्या. तवा बी गपच."

ती खोटे बोलली असती तर मला झोप लागली असती.

रेल्वेची चाळ सोडून मी सरावलीच्या घरी आले होते; होडी तिथल्या परसात पडून राहिली. पावसात तिच्यावर पांढरी भुकटी धरली, आत कोंबडी अंडी घालू लागली. जमना आता दुसऱ्यांची मासळी टोपलीत घेऊन विकायला येई. माझ्या कुंपणावरूनच तिची वाट होती. तिने एकदाही होडीकडे मान वळवली नाही. वळवली असती तर मला बरे वाटले असते.

सूर्यकांत म्हणे, "काकू, मोडीत घाला, चांगली भांडी होतील." मला त्या होडीची भांडी नको होती. माझ्या नवऱ्याने जे काम तिच्यापाशी केले, ते मला करायचे होते. एका सकाळी मी जमनाला कुंपणाशीच थांबवले.

"रिबीट ठोकायचं आहे. खाली ठोकळा धरशील?"

तिने टोपली उतरवली आणि काही न विचारता होडीखाली शिरली. मी हातोडी घेतली. पहिला घाव पत्र्यावर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. तिसऱ्याला रिबीटच वाकडे झाले. ती खालून बाहेर आली, माझ्या हातातून हातोडी घेतली आणि म्हणाली, "तुम्ही धरा, बाई. ठोकते मी."

अशा रीतीने मी तिच्या जागेवर जाऊन बसले. आत अंधार, भोकांतून येणारे उन्हाचे ठिपके, आणि तळहातात ठोकळा. ती ठोकू लागली तशी प्रत्येक घावाची झिणझिण तळव्यातून कोपरात, कोपरातून दातांपर्यंत आली. तेव्हा मला कळले. माझ्या नवऱ्याच्या हाताचा सगळा जोर इतकी वर्षे या बाईच्या तळहातात उतरत होता, आणि मला घरी उरलेले बोलणे मिळत होते. कळल्यावर मत्सर ओसरतो असे मी मुलींना वर्गात शिकवले आहे. माझा वाढला. आजही तो जसाच्या तसा आहे, आणि मी हे शुद्धीवर लिहीत आहे.

तरी ठिगळ पक्के बसले. होडी परत खाडीत गेली, मालकी माझी आणि वल्ही तिची. सुट्टीच्या दिवशी मी जात असे, निवृत्त झाल्यापासून रोजच जाते. तिच्याबरोबर होडीतून खाडीत फिरून येते, मग लाकडी पट्टीने बुडाला चिकटलेली कालवे खरवडते, ती पाणी ओतते. निवृत्त झाल्यापासून रोजच जाते. मी बोलत नाही. तीही बोलत नाही. एकदा तिने मला विचारले होते, "बाई, तुम्हाला मी आवडत नाय ना?" मी "नाही" म्हटले. "मग येता कशाला?" "तू एकटी जाऊ नयेस म्हणून." ती हसली आणि तिने वल्हे मारले.

तरी माझ्या पश्चात ही होडी, वल्ही, ठोकळा व यजमानांच्या हत्यारांची पेटी जमना चिमण तामोरे, राहणार डहाणू गाव, हिला पूर्ण मालकीने द्यावी. सूर्यकांतने त्यात हरकत घेऊ नये. होडी दर खेपेनंतर गोड्या पाण्याने धुवावी, आत लोखंडी नांगर किंवा खिळे टाकून ठेवू नयेत, ठिगळ ॲल्युमिनियमचेच लावावे. हे जमनाला माहीत आहे. माझ्याआधीपासून माहीत आहे, म्हणूनच मी ते माझ्या नावाने लिहून ठेवते.

हे कलम मी परवा तिला वाचून दाखवले. ते ऐकून ती म्हणाली, "मी काय तुमच्याहून लहान हाय? आधी मी गेले मग?"

ते माझ्या ध्यानात आले नव्हते. म्हणून कलम पाचवे व शेवटचे. जमना माझ्याआधी वारली, तर होडी कोणालाही देऊ नये, विकू नये, सूर्यकांतच्या सुनेला हौस म्हणूनही नाही. ती माझ्या देखत, आणि मी नसेन तर माझ्या मागे, घण घालून मोडावी आणि पत्रा वितळवावा. दुसरीला मी सोसले. तिसऱ्या बाईने त्या होडीत पाय ठेवलेला मला मेल्यावरही खपणार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते, आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

अहिल्या एकनाथ सावे

साक्षीदार:
१. काशीनाथ रामजी चुरी, निवृत्त स्टेशनमास्तर, सरावली
२. लाहू देवजी धोडी, शिक्षक, वेवजी

स्थळ: सरावली
दिनांक: १९ नोव्हेंबर १९६७