दशमीचा रविवार

बाबा, येत्या रविवारी दशमी आहे आणि आम्ही केरीच्या किनाऱ्यावर जाणार आहोत. तुमच्याच पद्धतीनं मांडलं मी, तिथीला पाऊणने गुणायचं. दहा पाऊण साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती, दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी, आणि मधला सगळा वेळ मुलाबाळांना पाण्यात सोडायला मोकळा. तुमच्या नातीनं लगेच फोन उघडला. फोनमध्ये आता जगातल्या कुठल्याही किनाऱ्याची भरती दिसते. फोन म्हणाला सात चाळीस. दहा मिनिटांचा फरक. चौथी शिकलेल्या आजोला एवढी सूट द्यायला हरकत नाही, असं मी तिला म्हटलं. ती पुण्याला शिकते. तिच्या मैत्रिणी सुट्टीत आपल्याकडे डिचोलीला येताहेत, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असे किनारे त्यांना हवे आहेत. 'आई, तुझे आवडते सांग, यादी करते,' म्हणाली आणि मी सांगत गेले. सांगता सांगता लक्षात आलं की यातला एकही आवडता माझा नाही, सगळे तुमचे आहेत.

मोरजीला सकाळी जायचं, कारण नदी समुद्राला मिळते तिथं पाणी उथळ असतं आणि शिंपल्या मिळतात. आश्वेला खडक आहेत, लहान मुलांना खेकडे बघायला बरे. मांद्र्याला काहीच नाही, नुसती वाळू, म्हणून तो भांडण झालेल्या नवराबायकोसाठी, हे तुम्ही आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचात. हरमलला गोड्या पाण्याचं तळं. आणि केरी सगळ्यात शेवटी, कारण तिथून समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो आणि फेरीबोटीतून नदी ओलांडून परत येता येतं. आता त्या वाटेवर मोपाच्या विमानतळाची विमानं डोक्यावरून जातात, हरमलला खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पाव खायचा तर तिथला हॉटेलवाला लोणी लावून चार तुकड्यांत कापून देतो. आपण पोदेराच्या भट्टीतले उंडे, कडक गोल पाव, घेऊन जायचो, आत बटाट्याची भाजी. डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पुढची बस, आणि उंडे आईच्या मांडीवर.

यादी होत होती तेवढ्यात धाकटा आला. तुमचा मुलगा आता चाळिशी ओलांडून गेलाय, पण सवय गेली नाही. म्हणाला, 'बाबांच्या हिशोबान जाव नका, डबो व्हावान जातलो.' सगळे हसले. आई सगळ्यात जास्त. हा विनोद आपल्या घरात पस्तीस वर्षं चाललाय, लग्नात, बारशाला, तुमच्या बाराव्याच्या जेवणातसुद्धा कुणीतरी केला होता. मीही दर वेळी हसत आले आहे. या वेळी नातीनं फोन वर धरून विचारलं, 'पण आजोचा हिशोब तर बरोबर येतोय. मग तेव्हा चुकला कसा?' उत्तर होतं. माझ्याकडे होतं.

तुम्ही शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवायचात. शनिवारी संध्याकाळी घरी यायचात तेव्हा भुवयासुद्धा लाल असायच्या. बाहेरच्या दगडावर अंघोळ करून तुम्ही आत येता, स्वयंपाकघरात कॅलेंडरसमोर उभे राहता आणि उद्याची तिथी विचारता, 'फाल्याची तिथ काय गो?' धुळीनं तुमचे डोळे चुरचुरतात, बारीक अक्षर दिसत नाही, आणि चष्मा घ्यायचं तुम्ही पुढं ढकलत असता. म्हणून तिथी वाचायचं काम माझं, सात वर्षांची असल्यापासून. मी वाचते, तुम्ही डोळे मिटून गुणाकार करता. अष्टमी ते द्वादशीमधला रविवार असला तर कानावरची लाल पेन्सिल काढून त्या तारखेभोवती गोल काढता, आणि आई बटाटे उकडायला टाकते. हा हिशोब तुम्हाला तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तुमच्या गावात तुमच्या काकांनी शिकवला होता, होडीत बसवून. गावाकडची जमीन गेली, घर गेलं, खाणीवर कामाला आलात तेव्हा बरोबर एवढंच आणलं होतंत, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.

डबा वाहून गेला त्याच्या आदल्या शनिवारी कॅलेंडरवर उद्याची तिथी शुद्ध द्वितीया होती. बे पाऊण दीड, म्हणजे भर दुपारी दीडला भरती. तसा रविवार आपला नव्हे. पण पावसाच्या आधीचा तो शेवटचा रविवार होता, त्यानंतर समुद्र दसऱ्यापर्यंत बंद. माझ्या वर्गातल्या मुली हरमलचं तळं बघून आल्या होत्या आणि मी, आपणही बघितलंय, अशी थाप मारून बसले होते. तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, 'दशमी.' तुम्ही डोळे मिटलेत, 'धा पावण साडेसात' म्हणालात आणि गोल काढलात. त्या गोलाच्या आत बारीक अक्षरात द्वितीया छापलेलं मला दिसत होतं.

पुढचं घरात सगळ्यांना पाठ आहे. तळं बघून झाल्यावर केरीच्या बाजूला थोडं चालू म्हणून आपण खडकांवरून निघालो, आणि ओहोटी असायला हवी तेव्हा पाणी चढायला लागलं. आधी चपला गेल्या, मग डबा. धाकटा रडतो आहे, आईनं पदर खोचलाय, आणि तुम्ही मला खांद्यावर टाकून एका उंच खडकावर चढवता आहात. तीन तास आपण चौघे तिथे बसलो. परत येताना बसमध्ये आई म्हणाली, 'ह्यो तुमचो हिशोब.' एवढंच. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग म्हणालात, 'चुकलो खरो.'

मला वाटलं होतं तुम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत. महिना उलटेपर्यंत मी त्या कॅलेंडरवर टॉवेल वाळत घालत होते, तुम्ही चष्मा आणाल या भीतीनं. दसऱ्यानंतरही विचारलं नाहीत. दुसऱ्या वर्षी नवं कॅलेंडर आलं, त्यात एकही गोल नव्हता. पुढे चष्मा आला, पण तुम्ही बातम्या वाचत राहिलात. शाळेची सहल आश्वेला निघाली तेव्हा मी मुद्दाम विचारलं होतं, बाबा, भरती किती वाजता. तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर डाफरलात, 'माका इचारू नको. बाईंका इचार.' मला ते लागलं, पण मी गप्प बसले. मुलं गप्प बसतात ते समजू शकते. मी चाळिशीतही गप्प बसले, तुम्ही वाळपईच्या दवाखान्यात शेवटचे आठ दिवस होतात आणि दुपारी माझ्या हातचं सार घेत होतात, तेव्हाही. त्याला माझ्याकडे काही सबब नाही.

काल सकाळी मी आईला सांगितलं. ती कोकमं निवडत होती. मी म्हटलं, त्या दिवशी द्वितीया होती, मी दशमी वाचली, बाबा चुकले नव्हते. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, पोर होतीस. ती तसं म्हणाली नाही. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, 'पस्तीस वर्सां हसलंय मी तेंका.' उठून आत गेली.  जेवायला वाढलं तर ताट ओढून घेतलं, पण वर बघितलं नाही.

आज सकाळी तिनंच विषय काढला. म्हणाली, 'आदल्या शुक्रवारी तेंनी गाडयेक नारळ फोडललो.' मला कळेना. अमावास्येला ट्रकला नारळ फोडायची तुमची पद्धत, एक चुकवली नाहीत कधी. 'शुक्रवारी अमास, मगे आयतवारी दशमी खंयसून येतली? तेंका कळाक नको?' मी म्हटलं, खरंच, दोन दिवसांत दशमी कुठून येणार, मग कळलं कसं नाही? आई म्हणाली, 'तू वाचलंस म्हणान.'

बाबा, हे वाक्य घेऊन मी सकाळपासून घरात फिरते आहे. स्वतःच्या हातानं फोडलेला नारळ तुम्ही विसरलात, कारण लेकीनं वाचून दाखवलं होतं. आणि चूक झाली तेव्हाही माझ्या वाचण्यावर तुमचा संशय गेला नाही, स्वतःच्या हिशोबावर गेला. मला खूप रडू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

दुपारी धाकट्याचा फोन आला तेव्हा आईनं त्याला सगळं सांगितलं आणि वर बजावलं, डब्याची गोष्ट पुन्हा काढलीस तर जेवायला येऊ नकोस. मग तिनं नातीकडे लाल पेन मागितलं. पेन धरायची सवय नाही तिला, त्यामुळे गोल बटाट्यासारखा आला, पण आलाय दशमीभोवतीच. नात फोनमधली वेळ वाचून दाखवायला लागली तर म्हणाली, 'तां ठेव. पाउणकी शिकय माका.' आत्ता दोघी ओट्याशी बसून बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन करताहेत. नातीनं तिच्या मैत्रिणींच्या यादीत प्रत्येक किनाऱ्यापुढे तिथी लिहायला घेतली आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीत ठेवणार आहे, त्या वर्षाचं अजून आहे माझ्याकडे. फक्त एक राहिलं. त्या खडकावर तीन तास तुम्ही माझं मनगट सोडलं नव्हतंत. लांब तेरेखोलचा किल्ला दिसत होता आणि तुम्ही तुमच्या काकांच्या होडीच्या गोष्टी सांगत होतात, एकामागून एक, आम्ही घाबरू नये म्हणून. तेवढं सलग तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हतात आणि नंतरही नाही. तुम्ही हिशोब सोडलात याचं वाईट वाटतं, आणि ते जाणार नाही. पण त्या रविवारचं वाईट वाटून घ्यायला गेले तर वाटत नाही, बाबा. पाणी लवकर उतरू नये असं मला वाटत होतं.