चिठ्ठीवरचं ‘मऊ खा’

मंगळवार, दवाखाना बंद करून आल्यावर

आज विचुंब्याच्या आजी आल्या, सुनेबरोबर. मागच्या वर्षी मीच त्यांचे उरलेले दात काढले आणि नंतर कवळी बसवली. त्यानंतर आजच दिसल्या. इतक्या वाळल्यात की आधी ओळखलंच नाही. काय खाता, विचारलं तर म्हणाल्या, “पेज. तुमीच लिवून दिलाय ना!”

सुनेने पर्समधून चिठ्ठी काढली. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. माझंच अक्षर. मऊ खा. दात काढले त्या दिवशीचं. जखम भरेपर्यंत, फार तर आठवडाभर. पण ते कुठे लिहिलं होतं मी? कवळी बसवली तेव्हाही बोललो नाही. घरात सगळ्यांना भाकरी आणि सुकट, आजींना वर्षभर पेज. “मागतात हो, पण मीच देत नाय,” सून म्हणाली, मी शाबासकी देईन अशा चेहऱ्याने. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. हातमोजे चढवले.

“मंग आज भाकर खाऊ?” आजींनी विचारलं.

कवळी तपासली. हिरड्या झिजल्यात, कवळी नुसती हलते. नवी करावी लागेल. तोवर?

रक्त तपासायला सांगितलं. पेजेबरोबर उकडलेलं अंडं, घोटलेली डाळ द्या म्हणालो. मग नव्या चिठ्ठीवर लिहिलं, मऊ खा. अक्षर अगदी तसंच आलं.

कधीपर्यंत, ते या वेळी लिहायचं होतं. लिहिलं का? आठवत नाही.