मालकांना लागतं तेवढं मीठ

नोव्हेंबर ३
मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावरचा दगड उचलत होते, तेवढ्यात सासामोरी मालक मागे येऊन उभे राहिले. ताए नाव ना तुझं? मीठ कमी पडलं तर उद्याच्या गाडीने घरी, म्हणाले आणि स्वतःच हसले. स्वयंपाकीण म्हणून माझा पहिला दिवस. घर उबदार आहे. त्यांच्या लाकूडगिरणीचा आवाज इथवर येतो. शेजारीण म्हणाली, जपानच्या उत्तरेला, आपल्या या अकितात, बर्फातला हिवाळा मिठावरच निघतो. मला इथं फार बरं वाटतंय.

नोव्हेंबर १९
मालकांचा चेहरा तांबडालाल असतो. बाबांचा असाच असे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तेव्हा याच मालकांनी बाबांना सुनावलं होतं, डोकं दुखतं तर फडकं आवळ आणि करवतीवर उभा राहा. बाबा करवतीपाशीच कोसळले, पुन्हा उठले नाहीत. त्या वयाची आता मी झाले. मालकांनी मला ओळखलेलं नाही.
मला काहीच करायचं नाही. त्यांना आवडतं ते वाढायचं. खारवलेला मासा, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या खारट सोयाबीनचं, दाट सार. या घरची रीत अशी, की रांधणारीने त्याच भांड्यातलं समोर बसून खायचं. मी खाते.

डिसेंबर १२
गावातल्या नर्सबाई घरोघरी रक्तदाब मोजत आमच्याकडे आल्या. वाढला तरी हा दुखत नाही, म्हणाल्या. गुपचूप हृदय, मूत्रपिंडं, डोळे पोखरतो, आयुष्यातली वर्षं खातो. मालक म्हणाले, आधी हिचा मोजा, मग माझा. मी हात पुढे केला नाही. डॉक्टरकडे मी कधीच गेले नाही, काही दुखलंच नाही. मालक खूश झाले. म्हणाले, हिला म्हणतात माझं माणूस.

जानेवारी ९
सकाळी डोकं ठणकतं. कोळशाच्या धुराने असेल. नाकातून रक्त आलं. मालकांचा चेहरा मात्र निवळलाय. कसा —

जानेवारी २८
पाय सुजलेत. जिन्यावर धाप लागते. त्यांनी सार पुन्हा मागून घेतलं. त्यांना काहीच — बाबांनाही आधी डोकं, मग —

फेब्रुवारी ६
अक्षरं दोन-दोन दिसतात. मी नर्सबाईंकडे गेले तर तेही जातील. नाही. आधी ते पडू देत. मग मी —

फेब्रुवारी ७
सार वाढायचा डाव हातातून पडला. हाताला कळलंच — डाव्या हाताने लिहि — हाक मारली, तोंडातून भलतंच — ते बसलेत, जेवतायत, माझ्याकडे बघ —

फेब्रुवारी ८, सकाळ
हे मी, सासामोरी, लिहितोय. ताए जिवंत आहे. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही. वही वाचली. नर्सबाई येऊन गेल्या त्याच आठवड्यात मी एकटा त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हापासून रक्तदाबाच्या गोळ्या घेतोय. ही हसेल म्हणून सांगितलं नव्हतं. हिचा बाप कोणता, ते आठवत नाही.
नर्सबाईंना निरोप धाडलेला नाही. पेज मीच भरवली. मीठ मला लागतं तेवढं घातलं.