सुजाण बागायतदार

सौंसर, सोमवार, १० नोव्हेंबर १९८६
निवृत्त होऊन दहा दिवस झाले. शाळेची आठवण येत नाही. पावणेअकराची घंटा घरापर्यंत ऐकू येते, तेव्हा मी फक्त घड्याळ जुळवते.
काल छाया भेटली. माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच जागेवर हेडमिस्ट्रेस. म्हणाली, शनिवारचा शेवटचा तास रिकामाच जातो, मॅडम. खेळातून काही शिकवता येईल असं तुम्ही बसवा. दहा जानेवारीला मुलींसोबत खेळून पाहू. जमलं तर तो तास तुमचा.
मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी पोचेपर्यंत विचार झाला होता.
संकल्प: आधी तीस खेळ स्वतः खेळायचे, प्रत्येकाचं विश्लेषण करायचं, मग आपला रचायचा. बी.ए.ला माझा विषय तर्कशास्त्र होता. अवघड जाऊ नये.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
सापशिडी. शेजारच्या सुनंदाबरोबर सात डाव. सातही हरले. निष्कर्ष: या खेळात बुद्धीला वाव नाही.
वहीत रकाने आखले: खेळाचं नाव, नशिबाचा वाटा, बुद्धीचा वाटा, बोध. सापशिडीचा बोध सुनंदाला समजावत होते, तेवढ्यात तिला गॅसवरचं दूध आठवलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
झब्बू, बदाम सात, कॅरम. सुनंदाला आजही दूध आठवलं. माणसं चार, आणि त्या घरात दूध किती लागतं याचं नवल वाटतं.
घरी ह्यांना खेळायला बसवलं. प्रत्येक चालीनंतर मी थांबवून कारण विचारत होते, कारण नोंद हवी. तिसऱ्या चालीला हे पत्ते खाली ठेवून म्हणाले, "तू खेळून नाही राहिली, पेपर तपासून राहिली." आणि पेपर वाचायला लागले. खेळाडूवृत्तीचा अभाव. तशी नोंद केली.

शनिवार, २९ नोव्हेंबर
जामसांवलीला दर्शन. बाहेर रिंग फेकण्याचा स्टॉल होता. दर्शनाला दहा मिनिटं, स्टॉलपाशी पाऊण तास. अभ्यास म्हणून.
स्टॉलवाला म्हणाला, "बाई, फेकता का नुसत्या पाहून राहिल्या?" मी त्याला, आणि जमलेल्या लोकांनाही, दाखवून दिलं की साबणाच्या डबीवरून ही रिंग जवळजवळ जातच नाही. लोक म्हणाले, माहीत आहे. आणि फेकत राहिले. हसत होते. स्टॉलवाल्याने मला दोनदा नमस्कार करून पुढे जायला सांगितलं.
माहीत असून का फेकतात? कळलं नाही. बोध: रकाना रिकामा.

गुरुवार, ४ डिसेंबर. पांढुर्णा
नणंद प्रतिभाकडे. तिच्या सासूबाई चिंचोके टाकून चंगाष्टे खेळतात. वय ऐंशी. लबाडी करतात. अकरा वेळा केली. यादी करून काल रात्री जेवणानंतर सर्वांसमोर वाचून दाखवली. सासूबाईंनी प्रतिभाला विचारलं, "सौंसरच्या समद्याच अशा असतात का वो?" प्रतिभा म्हणाली, नाही, एकच आहे.
हे कौतुक समजावं.
उद्यापर्यंत राहणार होते, पण पाहुणे येणार आहेत असं आज सकाळच्या चहालाच कळलं. बसने परत.

सोमवार, ८ डिसेंबर
तीसपैकी नऊ खेळ झाले. उरलेले एकवीस तर्काने समजतात. शिवाय माणसं मिळत नाहीत.
आजपासून रचना. नाव ठरलं: सुजाण बागायतदार. घरं बहात्तर, नियम एकेचाळीस. इथे ज्याच्या-त्याच्या घरी संत्र्याची बाग, म्हणजे मुलींना गोडी लागेल. कष्ट केले की पुढे, आळस केला की मागे. सतराव्या घरात: 'पौषात बागेला पाणी दिले नाही. तीन घरे मागे.'
स्वतःशीच चार हातांनी खेळून पाहिलं. एकही भांडण नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर
छायाची चिठ्ठी घेऊन शाळेची शिपाई अंबाबाई आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, तारीख पक्की. अंबाबाईची स्वतःची दीडशे झाडं आहेत, म्हणून तिला खेळ वाचून दाखवला. सतरावं घर ऐकून ती हसायलाच लागली.
"बाई, हे काय लिवलं? आता तं आमी पानी तोडून राहिलो. झाडाले ताण देल्ला का पानं गळते, मंग पानी देल्लं का फुलंच फुलं. पौषात पानी देनारा पागल."
मी म्हटलं, खेळाचा उद्देश नीतिशिक्षण आहे. ती म्हणाली, "झाडाले नीती नाही समजत, बाई."
बदल करायचा तर नवा पुठ्ठा, नवी शाई. आणि हे एकीचंच मत. तसंच ठेवलं. उलट बावीसवा नियम अधिक कडक केला: जी नियमाविषयी वाद घालेल ती खेळाबाहेर.

शुक्रवार, ९ जानेवारी १९८७
झोप चांगली लागली, फक्त पहाटे चारपासून नाही. इस्त्रीची साडी काढून ठेवली. शनिवारच्या तासाचं वर्षभराचं टिपण तयार आहे. आगाऊ नाही, व्यवस्थित.

शनिवार, १० जानेवारी
आठवीच्या आठ मुली. नियमावली वाचायला पस्तीस मिनिटं लागली. शांतता उत्तम.
चौथ्या फेरीत जयवंता सतराव्या घरात आली. बसूनच राहिली. "मॅडम, मी काऊन मागे जाऊ? आमच्या घरी पानी बंदच हाय." बावीसवा नियम. बाहेर. शेजारची म्हणाली, बरोबर तं बोलली. तीही बाहेर. दहा मिनिटांत आठही मुली बाहेर.
नियमात खेळ थांबवण्याची तरतूद नव्हती. मी एकटीने पुढे अकरा वेळा फासे टाकले आणि जिंकले.
तेवढ्यात अंबाबाई घंटा द्यायला निघाली होती, तिला मुलींनी हाताला धरून आत ओढलं. काकू, तुमी सांगा, पानी देता का? अंबाबाई खाली मांडी घालून बसली. सतरावं घर तिने उलटं केलं: पाणी तोडलं, तीन घरं पुढे. मग मुलीच सांगायला लागल्या: गारा पडल्या, बंदर म्हणजे माकडं आली, फुलं पाहूनच व्यापाऱ्याने बाग घेतली. गलका फार. घंटा वीस मिनिटं उशिरा झाली आणि कोणी उठलं नाही. दारात छाया उभी होती.
माझ्या खेळाला मिळालेला प्रतिसाद अपेक्षेबाहेरचा होता.

मंगळवार, १३ जानेवारी
छाया स्वतः घरी आली. चहा घेतला. खेळ ठेवते म्हणाली. मी टिपण आणायला उठले, तर म्हणाली, बसा ना मॅडम. तास अंबाबाई घेणार आहे. मुलींनीच मागितली. खाली बघून म्हणाली, तुम्ही मनावर घेणार नाही, मला माहीत आहे.
मी म्हटलं, छे. मला वेळ तरी कुठे आहे?
निघताना म्हणाली, एक मुलगी आजारी आहे, चौघींच्या गटात एक कमी पडते. आलात तर बरं होईल.
जाणार नाही.

शनिवार, १७ जानेवारी
येणार नाही हे सांगायला शाळेत गेले. पोचले तेव्हा पावणेदोन. तास अडीचचा.
चौथी म्हणून बसले. बंदरांनी माझी अख्खी बाग नेली. मुली हसल्या. मीही हसले असं जयवंता म्हणते. पुन्हा मांडा म्हटलं. पुन्हा हरले. विश्लेषण करायचं राहिलं.
आजारी मुलगी पुढच्या शनिवारी येणार असं कळलं. चौकशी केली. ताप उतरला आहे म्हणतात, पण खोकला आहे. अशा खोकल्यात घाई करू नये, असं तिच्या आईला सांगून आले.