तीन सह्यांचं पत्र

सर, तुमच्या कानांवर आलेले पांढरे केस माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत. फ्युनरल होममध्ये सगळे तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते, काकू तुमचा हात धरून बसल्या होत्या, आणि मी आपला केसांकडे बघत होतो. काकू कुणाला तरी सांगत होत्या की ह्यांनी शेवटचे काही महिने केस कापून घ्यायचंच सोडलं होतं, मी कात्री घेतली तर तीही नको म्हणायचे. त्याचं कारण त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. मी कॉफी आणतो म्हणून बाहेर पडलो तो पार्किंग लॉटमध्येच उभा राहिलो.

पाचव्या सेमिस्टरला कॉलेज सोडलं हे सांगायला तुमच्याकडे आलो तो दिवस आठवतो. तुम्ही डायनिंग टेबलवर मटार सोलत बसला आहात, काकू फोडणी करतायत. वडील मला बारा वर्षांचा असताना नागपूरहून इथं अमेरिकेत घेऊन आले ते इंजिनियर करायला, आणि मी सायन्सचे तास बुडवून तुमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात बसायचो, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही रागावला नाहीत. एक शेंग माझ्याकडे सरकवलीत आणि विचारलंत, "कारण काय? मुद्दा की मुलगी?" मी म्हटलं, दोन्ही. "मग कठीण आहे रे. निदान एकाच्या बाबतीत तरी डोकं शाबूत ठेव." काकू फोडणीकडे तोंड करून हसल्या. मला राग आला होता, सर. तेव्हा मला सगळ्याचाच राग यायचा.

ती होल्योकला राहायची, आपल्या कॉलेजपासून बसनं वीस मिनिटांवर, बंद पडलेल्या पेपर मिलच्या त्या गावात. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरून आलेल्यांची तिथं अख्खी वस्ती होती. एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत तिच्या मंडळींचं ऑफिस, आणि तिच्या कोटाच्या खिशात कायम एक स्टेपलर, कुठल्याही खांबावर पत्रक ठोकायला. आमच्या बेटाला स्वतंत्र व्हायचंय का, हे आम्हाला नीट विचारा, एवढी तिची मागणी. मी त्या स्टेपलरच्या पिना भरून द्यायचो आणि धन्य व्हायचो. मीच तिला तुमच्या घरी आणलं. आमटी-भात खाता खाता तिनं सरळ विचारलं, सार्वमत मिळवायचा रस्ता कुठला?

तुम्ही वाट्या बाजूला सारून सांगायला लागलात. बेटाच्या विधानसभेनं स्वतःच मतदान घ्यायचं, हा एक रस्ता. पण त्याचा निकाल वॉशिंग्टननं मानलाच पाहिजे असं नाही. अमेरिकेच्या काँग्रेसनंच तसा कायदा करायचा, म्हणजे निकाल बंधनकारक. पण बेटावरच्या लोकांना तिथं मतच नाही, तर काँग्रेसला त्यांची आठवण कशाला होईल? राहता राहिलं युनो. तिथं टाळ्या मिळतात, मतपेटी मिळत नाही. ती वहीत उतरवून घेत होती. मग काय करायचं, म्हणाली. तुम्ही म्हणालात, "वॉशिंग्टन दरवेळी एकच सांगतं, आधी तुमच्यात एकमत होऊ द्या. तर करा एकमत. काय हवंय यावर होणार नाही. आम्हाला विचारा, एवढ्यावर होईल." होल्योकमध्ये राहणाऱ्यांना खासदार निवडता येतो, तेव्हा इथल्या स्वातंत्र्यवाल्यांनी, अमेरिकेचं राज्य व्हायचंय म्हणणाऱ्यांनी, आणि आहे तेच बरं म्हणणाऱ्यांनी मिळून खासदाराला एक पत्र द्यायचं. एक कागद, तीन सह्या.

मी भडकलो. राज्य व्हायला निघालेल्यांच्या पाया कशाला पडायचं? तेव्हा तुम्ही गोव्याचं सांगितलंत, एरवी कधी बोलत नव्हता ते. तरुणपणी तुम्ही गोवा महाराष्ट्रात विलीन करायच्या बाजूचे, फुलाच्या निशाणीचे. विधानसभेत आपलं बहुमत आहे, लोकांना परत काय विचारायचं, असं छाती काढून सांगत गावोगाव हिंडलात. समोरच्यांनी दिल्लीपर्यंत जाऊन कौल घ्यायला लावला, आणि फूल हरलं. "हरल्याचं काही नाही रे. समोरच्या घरातला माझा शाळेतला मित्र दोन पानांच्या निशाणीचा, गोवा वेगळाच राहू दे म्हणणारा. त्या सगळ्या महिन्यांत मी एकदाही त्याच्याकडे चहाला गेलो नाही. मग जाणंच राहिलं." त्याच वर्षी पोर्तो रिकोतही मतदान झालं होतं, स्वातंत्र्यवाल्यांनी त्यावर बहिष्कार टाकला होता, आणि वॉशिंग्टननं काही केलं नव्हतं, हेही तुम्हीच सांगितलंत. मी ऐकत होतो म्हणे. खरं तर तिच्या पेन धरायच्या पद्धतीकडे बघत होतो.

राज्यवाल्यांचा म्होरक्या म्हणजे तो म्हातारा बार्बर, कोरियाच्या लढाईत पाय अधू झालेला. दुकानात झेंडा, झेंड्याखाली पलटणीचा फोटो. त्याच्या सहीशिवाय पत्राला अर्थ नव्हता. तुम्ही दर दुसऱ्या शनिवारी बसनं जाऊन त्याच्या खुर्चीत बसायला लागलात. डोक्यावर केस ते किती! काकू म्हणायच्या, ह्यांचे केस दोन आठवड्यांत तांदळाएवढे वाढत नाहीत, तो बिचारा कापतो तरी काय? पाच महिने, सर. पत्राचा विषय तुम्ही काढलाच नाहीत; एक दिवस त्यानंच काढला. आहे तेच बरं म्हणणाऱ्या शाळेतल्या बाईंनी आधीच होकार दिला होता. मसुदा तुमचा, टायपिंग माझ्याकडे.

आणि टाइप करताना मी एक वाक्य घातलं. तिन्ही पर्याय समान मानावेत, या तुमच्या ओळीनंतर, स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क असून बाकीचे दोन पर्याय ही गुलामीची दोन रूपं आहेत, असं. तिनं वाचलं की मान वर करून माझ्याकडे बघेल, एवढंच डोक्यात होतं. चर्चच्या हॉलमध्ये सगळे जमले. मसुदा आधी पाहिलाय म्हणून बाईंनी सही केली, तिनंही घाईत न वाचताच केली. म्हातारा चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून वाचत गेला आणि बोट एका जागी थांबलं. त्यानं पेनाला टोपण लावलं. तुमच्याकडे बघून म्हणाला, "प्रोफेसर, हे मी तुमचे केस कापत होतो तेव्हाही तुमच्या मनात होतं?"

मी उठलो असतो तर. तुम्ही कागद घेतलात, वाचलात, माझ्याकडे एकदा पाहिलंत. मग त्याला म्हणालात, "मसुदा माझा आहे. चूक माझी." तो पाय ओढत निघून गेला. बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं. तिला सगळं कळलं होतं. मी म्हटलं, तुझ्यासाठी केलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं? आम्हाला न विचारता परस्पर ठरवणारे पुष्कळ झाले. त्यात तू आणखी एक." स्टेपलर खिशात टाकून ती उतारानं खाली गेली, आणि माझ्या आयुष्यातूनही तशीच गेली.

तुम्ही मला कधीच बोलला नाहीत. एक दणका दिला असतात तर बरं झालं असतं. फक्त शनिवारी घरीच बसायला लागलात.

तुम्ही गेलात त्याला तीन-चार वर्षं झाली असतील, पेपरात वाचलं. बेटावरच्या तिन्ही पक्षांच्या प्रमुखांनी मिळून वॉशिंग्टनला पत्र दिलं होतं, आम्हाला विचारा म्हणून. काँग्रेसनं हालचाल केली, नंतर तेही बारगळलं. पण तो रस्ता तुम्ही मटार सोलायच्या टेबलावर सांगितला होता, हे वाचून मी कामाच्या जागी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो.

आता जे सांगायला बसलो ते. त्या प्रकारानंतर साधारण दीड महिन्यानं मी त्याच्या दुकानात गेलो होतो, सर. खरं सांगून टाकायला. त्यानं मला ओळखलं, खुर्ची झटकली. मी बसलो. मानेभोवती कापड बांधलं गेलं, कात्री चालू झाली, आणि तोंड उघडेना. अर्ध्यावर त्यानंच विचारलं, प्रोफेसर कसे आहेत. मी म्हटलं, बरे आहेत. तो बराच वेळ कापत राहिला. मग म्हणाला, "त्यांना सांग, मी अजून शनिवारी दहाची वेळ कुणाला देत नाही. येऊन मला एकदा सांगू देत की ते वाक्य का घातलं. मग बघू त्या पत्राचं."

हा निरोप तुम्हाला दिला असता, तर आधी सांगावं लागलं असतं की मी तिथं जाऊन गप्प बसून आलो. उद्या सांगू, पुढच्या आठवड्यात सांगू, असं करता करता थंडी आली, आणि तुम्ही गेलात. शनिवारी दहाला ती खुर्ची किती दिवस रिकामी राहिली, मला माहीत नाही. त्या दिवशी मी केस मात्र पूर्ण कापून घेतले. चांगले कापले होते.