नऊशे सत्त्याण्णव बटणं

३ मार्च, सकाळ.
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. मला वाचता येत नाही, त्यामुळे माझी गुपितं माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित.
नातीला लांबच्या गावी जाऊन मूळ संख्यांवर रिसर्च करायचाय. मूळ संख्या म्हणे अशी, की तिचे सारखे वाटेच पडत नाहीत. जन्मभर शिवणकाम केलं मी, वाटे न पडणारी वस्तू पाहिली नाही. लागली पैज. माझ्या डब्यातली नऊशे सत्त्याण्णव बटणं तिने मोजून दिली. सारख्या ओळींत बसली, तर तिने जायचं नाही. नाही बसली, तर मी निमूट हो म्हणायचं.
ती गेली काय, राहिली काय, मला काही नाही. प्रश्न गणिताचा आहे.

५ मार्च.
दोनदोनच्या ओळी. एक उरलं. तीनच्या. एक. पाचच्या. दोन. सातच्या. तीन. बटणंच हट्टी आहेत, कुणावर गेलीत कोण जाणे.
मग एकच रांग लावली, हॉलपासून थेट बाथरूमपर्यंत. नात म्हणाली, ही चालत नाही, ही कुठल्याही आकड्याला जमते. हे आधी सांगायला काय झालं होतं?

७ मार्च.
हॉल माझ्या ताब्यात. मुलगा भिंतीला पाठ घासत खेकड्यासारखा ऑफिसला जातो. विचारत होता, आई, टीव्ही कधी बघायचा? म्हटलं, रिसर्च चालू आहे.

१० मार्च, दुपार.
बाराच्या ओळी. त्र्याऐंशी भरल्या! उरलं एक. एका आगाऊ बटणापायी पोरीने घर सोडायचं? कमरेला खोचलं. ही लबाडी नव्हे. कडेचे दोरे आपण कापतोच की.

११ मार्च.
नातीला बोलावलं. दारातूनच हसली. आजी, एक कुठाय, म्हणाली. मी म्हटलं, अगं, आधी मोज तरी! तर म्हणते, मोजायचं कशाला, ओळी बसल्या हाच पुरावा. सगळी असती तर बसल्याच नसत्या.
म्हणजे हरले असते तर प्रामाणिक, जिंकले म्हणून चोर! असलं शास्त्र शिकायला गाव सोडून जायचं.

१४ मार्च, संध्याकाळ.
नात गेली. परवानगी मीच दिली, मोठ्या मनाने. गाडीत बसता बसता सांगून गेली, एकतीसपर्यंत जमलं नाही की पुढे बघायची गरजच नाही, कधीच जमत नाही. घाईतल्या माणसांची गणितं ही.
सून विचारत होती, आई, डब्यात भरू का आता? म्हटलं, हात लावशील तर बघ. कमरेचं बटण परत घेऊन बत्तीसच्या ओळी घातल्यात. बसल्या की लगेच फोन करते, उतर म्हणावं पुढच्या स्टेशनावर. तिची गादी झटकून ठेवलीय.
पाच उरली.
उद्या तेहतीस.